तुमचं यान दाखवा (एक थाप माफ)

कागदी_होडी | शुक्रवार, रात्री ११:१८

साफसफाईच्या नादात आईनं माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली, त्यात माझी आठवीची आलेखवही निघाली. पुढून बीजगणित, मागून यानं. मागची पानं जास्त झिजलीत, यावरून काय ते समजा.

प्रत्येक पानावर एक यान. खाली नाव, लांबी, 'वेग : प्रकाशाच्या १० पट' आणि तोफांची संख्या. तोफा भरपूर. एका यानाला तर चक्क तीन शिडं आहेत, कारण चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं आरमाराचं चित्र डोक्यात घट्ट बसलेलं होतं.

तेच यान आता नव्यानं काढतोय, ब्लेंडरमध्ये. (सॉफ्टवेअर फुकट आहे, झोप मात्र जाते.) काढताना जाणवलं की आपल्याकडे विज्ञानकथा काही कमी नाहीत. नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती १९७४ साली. पण आपल्या कथांमधलं यान बहुतेकदा 'ते यानात बसले आणि निघाले' एवढ्यावर उरकतं. त्याला दार कुठे, झोपायचं कुठे, पाणी किती, हे कुणी विचारत नाही. तर या धाग्यावर विचारू या. आपापलं यान टाका. चित्र, मॉडेल, नुसतं वर्णन, काहीही चालेल.

नियम एकच : प्रत्येक यानाला एक थाप माफ. प्रकाशापेक्षा जोरात जायचंय? जा. पण मग वजन, उष्णता, पाणी, पोट हे सगळं खरं हवं. दुसरी थाप सापडली तर सोडणार नाही.

माझ्यापासून सुरुवात. गलबत वर्ग, पहिलं यान 'घेरिया'. लांबी १२० मीटर, वजन १००० टन, माणसं १२. मधे २० मीटर त्रिज्येचं फिरतं कडं. मिनिटाला ४ फेरे, म्हणजे काठावर पृथ्वीच्या ०.३६ पट वजन, मंगळापेक्षा किंचित कमी. अणुभट्टी २०० मेगावॅट उष्णतेची, तिच्यातून वीज ५० मेगावॅट. थाप : उडी-यंत्र. एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एका झटक्यात. शिडं काढून टाकली. जिवावर आलं, पण तिथे वारा नाही.

ढब्बू_पैसा | शुक्रवार, रात्री ११:३१

फोटो दिसत नाहीये.

कागदी_होडी | शुक्रवार, रात्री ११:३४

परवानगी बदलली. आता?

ढब्बू_पैसा | शुक्रवार, रात्री ११:३६

दिसलं. कडक! ते कडं फिरताना दाखवा ना.

खारा_वारा | शनिवार, पहाटे ५:५०

जहाज वास्कोला लागलंय, म्हणून आज नेट आहे. बारा ते चारची पाळी संपवून वाचायला बसलो.

नाव चुकलं हो. गलबत म्हणजे लहान, ७० टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की मोठ्या जहाजांना ओढून न्यायचं, हल्ल्यात पुढे घुसायचं. तुमच्या हजार टनांच्या धुडाला गलबत म्हटलं तर आंग्रे हसतील. ही गुराब. दोन नाहीतर तीन डोलकाठ्यांची, तीनवाली ३०० टनांपर्यंत जायची. 'घेरिया' मात्र झकास. विजयदुर्गाचं जुनं नाव यानाला शोभतं.

आणि १२ माणसं कोण कोण? 'कॅप्टन, पायलट, शास्त्रज्ञ' असलं सिनेमातलं नको. खलाशी कोण, सारंग कोण, भंडारी कोण ते लिहा. (सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी.) तीन पाळ्या धरा, चार तास काम, आठ तास सुट्टी. म्हणजे बारातले चारच जण एका वेळी जागे नि कामावर. मग यान रिकामं वाटायला लागतं, आणि ते तसंच वाटायला हवं.

मोहरीजिरं | शनिवार, सकाळी ८:१२

भंडारी शब्द आला म्हणून मधे पडते. ०.३६ वजनात कुकर कसा लावणार?

कागदी_होडी | शनिवार, सकाळी ८:२०

ताई, समजलं नाही. कुकर तर कुकर. झाकण लावायचं, शिट्टी ठेवायची.

मोहरीजिरं | शनिवार, सकाळी ८:५५

तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. शिट्टी म्हणजे काय, तर भोकावर ठेवलेलं वजन. आतल्या वाफेचा दाब त्या वजनाला उचलण्याइतका झाला की शिट्टी होते. पृथ्वीवर तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणानं जास्त असतो, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं आणि तूरडाळ गळते. तुमच्या कड्यात शिट्टीचं वस्तुमान तेच, पण वजन ०.३६ पट. म्हणजे ती एक तृतीयांश दाबालाच उडणार. यानात हवा पृथ्वीइतकी धरली तर आतलं तापमान १०९ अंशांच्या आसपास अडकणार. शिट्ट्या तीनाच्या तेरा होतील आणि डाळ टचटचीतच.

पुढे ऐका. तुम्ही कड्यात दोन मजले दाखवलेत. वरचा मजला आसाच्या जवळ, तिथे वजन आणखी कमी. म्हणजे स्वयंपाकघर कुठल्या मजल्यावर यावर वरणाची चव ठरणार! खालीच ठेवा. शिट्टी वजनाची नको, स्प्रिंगची घ्या. तसे कुकर मिळतात. स्प्रिंगला गुरुत्वाकर्षणाशी देणंघेणं नाही. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तापमानानं वितळतो, त्यामुळे तो तसाच चालेल.

आणि चहा. मिनिटाला ४ फेऱ्यांच्या कड्यात फूटभर उंचावरून चहा ओतलात तर धार सरळ पडणार नाही. तीन-साडेतीन सेंटीमीटर बाजूला जाईल, कडं फिरतंय त्याच्या उलट दिशेला. टपरीवाल्यासारखा उंचावरून ओतायची हौस असेल तर कप आधीच सरकवून धरायला शिका.

(मी भौतिकशास्त्र शिकवते. स्वयंपाकही करते. दोन्ही नाइलाजानं.)

ढब्बू_पैसा | शनिवार, सकाळी ९:०२

दंडवत _/\_

एडिसनकर | शनिवार, सकाळी ९:४०

कुकर वाचून बायकोला उठवून दाखवलं. इथे रात्रीचे बारा वाजलेत.

मी हा नाद 'ट्रॅव्हलर' नावाच्या खेळातून शिकलो. १९७७ चा, कागद-पेन्सिल-फासे. त्यात आपापलं यान बांधायचे रीतसर नियम आहेत. तिथला टन म्हणजे वजन नव्हे. एक टन द्रवरूप हायड्रोजन मावेल एवढी जागा, साधारण १४ घनमीटर. उडी मारायची तर एका पार्सेकला (साधारण सव्वातीन प्रकाशवर्षांना) यानाची १० टक्के जागा इंधनाला द्यायची. दोन पार्सेकची उडी हवी तर २० टक्के. मग माल कुठे ठेवणार आणि कर्जाचा हप्ता कशातून फेडणार? यानावर कर्ज असतं, हो. उडी कितीही लांबीची असो, आठवडा जातोच. त्या आठवड्यात बंद डब्यात माणसं एकमेकांशी कशी वागतात यावर आमचे निम्मे खेळ चालायचे.

माझं यान 'लालपरी'. २०० टन, लाल पट्टा, ग्रह तिथे लालपरी. एका उडीचं इंधन २० टन, बाकी उतारू आणि पोती. मागच्या बाकावर कायम कुणीतरी झोपलेलं. थाप एकच, तुमचीच उडी.

अवांतर : इकडे लेगोवाले दर सप्टेंबरात 'शिपटेंबर' करतात. महिनाभरात एकच यान, पण कमीत कमी १०० बटणं (विटेवरचे गोल उंचवटे) लांब, म्हणजे ८० सेंटीमीटर. एका वर्षी मी ७१ बटणांवर अडकलो. राखाडी विटा संपल्या. मुलीनं तिच्या किल्ल्यातल्या द्यायला नकार दिला. अजून बोलणी चालू आहेत.

झटपट | शनिवार, दुपारी १२:१५

भारी धागा! मी एआयला सांगून दहा मिनिटांत ४० यानं काढली. ही घ्या लिंक. कुठलं आवडलं सांगा.

कागदी_होडी | शनिवार, दुपारी १२:४१

चित्रं दिसायला सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. सातव्या क्रमांकाच्या यानात माणूस आत कुठून शिरतो? डावीकडच्या शिडीशेजारचं दार तिच्या पायरीपेक्षा लहान आहे, आणि उजवीकडचं दार तीन मजली.

झटपट | शनिवार, दुपारी १२:४४

अहो, कल्पनाच ना. दारात काय एवढं.

मोहरीजिरं | शनिवार, दुपारी १:१०

चाळिसातलं एक निवडा. त्यात कोण राहतं, त्यांचं पाणी कुठे, संडास कुठे, ते सांगा. मग ते तुमचं यान. तोवर ती नुसती चित्रं.

झटपट | शनिवार, दुपारी १:१३

बरं. सातवंच घेतो. दाराचं बघतो.

प्राचीनप्रेमी | शनिवार, दुपारी २:०५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

व्यवस्थापन | शनिवार, दुपारी २:३०

विमानविद्या आपल्याकडे आधीच होती की नाही हा वाद या धाग्यावर नको. 'वैमानिक शास्त्र' या पुस्तकातल्या विमानांची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली आहे आणि ती उडणारी नाहीत, असं लिहून ठेवलं आहे. हवं तर वेगळा धागा काढा.

चष्मेबद्दूर | शनिवार, दुपारी ३:२०

मालक, मी सरळच बोलतो, हलके घ्या. मोठ्या माणसांनी कागदावरची यानं काढत बसायचं, हे जरा पोरखेळ वाटत नाही का?

एडिसनकर | शनिवार, संध्याकाळी ५:५०

वाटतो ना. आता पोरखेळाच्या दोन गोष्टी ऐका.

ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीतल्या काही जणांनी १९७३ ते १९७८ अशी पाच वर्षं, नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या वेळात एक यान कागदावर बांधलं. नाव डेडालस. माणसाशिवाय बर्नार्डच्या ताऱ्याकडे जायचं, ६ प्रकाशवर्षांच्या किंचित अलीकडे. वजन ५४,००० टन, त्यातलं ५०,००० टन नुसतं इंधन. ड्यूटेरियम आणि हेलियम-३ च्या बारीक गोळ्या, सेकंदाला २५०, एकामागून एक फोडायच्या. वेग प्रकाशाच्या १२ टक्के. हेलियम-३ पृथ्वीवर जवळजवळ नाहीच, म्हणून गुरूच्या वातावरणात फुगे सोडून २० वर्षं ते गोळा करायचं, इथवर त्यांनी लिहून ठेवलं. पन्नासेक वर्षांचा प्रवास, आणि पोचल्यावर थांबायची सोय नाही, फोटो काढत सुसाट पुढे जायचं. पन्नास वर्षं जाऊन न थांबता पुढे! पण थांबायला इंधन किती लागेल हे मांडलं की कळतं, त्यांनी तसं का ठरवलं.

दुसरी. अमेरिकेत सॅन दिएगोला विमानकंपनीतून निवृत्त झालेला फ्रान्झ जोसेफ नावाचा आराखडाकार होता. मुलगी 'स्टार ट्रेक'ची वेडी. हा बसला त्यातल्या एंटरप्राइज यानाचे मजल्या-मजल्याचे नकाशे काढत. १९७५ मध्ये ते छापले गेले. सोबतच्या माहितीपुस्तकात त्यानं पडद्यावर कधीच न दिसलेली स्वतःची यानंही घातली. एका इंजिनाचं, तीन इंजिनांचं. त्यातल्या काहींची नावं १९७९ च्या सिनेमात मागे चाललेल्या रेडिओच्या बोलण्यात ऐकू येतात.

बोनस म्हणून तिसरी : नासाच्या पहिल्या शटलचं नाव बदलून १९७६ मध्ये एंटरप्राइज ठेवलं गेलं, ते या पोरखेळवाल्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून. तो बिचारा अंतराळात कधी गेला नाही, हे वेगळं.

चष्मेबद्दूर | शनिवार, संध्याकाळी ६:०२

बरं बाबा, शरण. मग मी पण एक टाकतो, रात्री.

ढब्बू_पैसा | शनिवार, संध्याकाळी ७:१५

माझं मॉडेल. नाव 'भंगार'. फोटो दिसतात का सांगा.

अंग : अगरबत्तीचं पुठ्ठ्याचं नळकांडं. इंधनाच्या टाक्या : डासांच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटल्या, सहा (शेजाऱ्यांकडून चार). खिडक्या : सर्दीच्या गोळ्यांची संपलेली पाकिटं उलटी चिकटवलीत. पाठीवर जुन्या रिमोटचा सर्किट बोर्ड आणि रिफिलचे तुकडे, पाइप म्हणून. 'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या सिनेमातली यानं अशीच केलेली, रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लास्टिक किटमधले तुकडे चिकटवून. जवळून बघितलं की रणगाड्याचं चाक ओळखू येतं म्हणे. माझ्यातही 'ओके' लिहिलेलं बटण ओळखू येतंय, ते घासायचं राहिलं.

सगळ्यात महत्त्वाचं : रंग देईपर्यंत ते भंगारच दिसतं. राखाडी प्रायमरचा एक हात उडवला की पुठ्ठा, प्लास्टिक, सगळं एक होतं आणि यान दिसायला लागतं. मी गच्चीवर उडवला. वाळत घातलेल्या चादरीवरही थोडा गेला. त्याबद्दल घरात वेगळा धागा चालू आहे.

खारा_वारा | शनिवार, संध्याकाळी ७:४०

ते 'ओके' घासू नकोस रे. आमच्या इंजिनरूममधे प्रत्येक व्हॉल्व्हवर काहीतरी लिहिलेलं असतं, निम्मं चुकीचं. तेच खरं वाटतं. नोंदणी क्रमांक दिलास का?

ढब्बू_पैसा | शनिवार, संध्याकाळी ७:४४

नाही. काय देऊ?

एडिसनकर | शनिवार, संध्याकाळी ८:१०

एंटरप्राइजचा एनसीसी-१७०१ कसा आला ते बघ. तिचा आराखडा काढणारा मॅट जेफरीज स्वतः विमान उडवायचा. अमेरिकेतल्या विमानांच्या क्रमांकाआधी पूर्वी एनसी असायचं, तिथून सुरुवात. आकडे निवडताना ३, ६, ८, ९ टाळले, लांबून एकमेकांसारखे दिसतात म्हणून. भारतीय विमानांना व्हीटी लागतं. त्यामुळे तुझं यान व्हीटी-काहीतरी.

ढब्बू_पैसा | शनिवार, संध्याकाळी ८:१३

व्हीटी-१७२. सगळ्या स्टेशनांवर थांबणारं.

बगॅस | शनिवार, रात्री १०:२५

सकाळपासून वाचतोय, गप बसलो होतो. साखर कारखान्यात बॉयलरवर हाय मी, गळीत हंगाम चालू, आत्ता पाळी संपली.

होडीभावा, कुकर बघितलास, चहा बघितलास. २०० मेगावॅटची भट्टी, त्यातली ५० वीज झाली. उरलेली १५० मेगावॅट उष्णता कुठं घालवलीस?

कागदी_होडी | शनिवार, रात्री १०:३१

बाहेर. अंतराळ थंडच असतं ना?

बगॅस | शनिवार, रात्री ११:०५

हीच दुसरी थाप. सापडलास.

थंड असून उपयोग काय, हवा कुठाय उष्णता न्यायला? थर्मासमधला चहा गरम का राहतो? आमच्या कारखान्यात कंडेन्सरचं पाणी स्प्रे पाँडमधे कारंज्यासारखं उडवतो. हवा लागती, थोडं पाणी उडून जातं, बाकीचं गार होतं. तुझ्याकडं हवा नाही, आणि पाणी उडवलंस तर परत मिळायचं नाही. उष्णता जायचा एकच मार्ग : तापलेल्या पत्र्यानं ती किरणांतून फेकायची. अंतराळ स्थानकाला पांढरे पडद्यासारखे पत्रे दिसतात बघ, सौर पंखांपेक्षा वेगळे, आत अमोनिया फिरतो. ते ७० किलोवॅट घालवायला. तुझे १,५०,००० किलोवॅट.

आता हिशोब. पत्रा खोलीच्या तापमानाला ठेवलास, ३०० केल्विन, तर दोन्ही बाजू धरून चौरस मीटरला जेमतेम ८०० वॅट जातात. म्हणजे ४५ एकर पत्रा. ऊस लाव त्यात. पण तापमानाचा चौथा घात हाय इथं (केल्विन दुप्पट केलं की सोळापट उष्णता जाती), तो आपल्या बाजूनं वापरायचा. पत्रा ८०० केल्विनला, मंद लाल दिसंल एवढा तापव. मग चौरस मीटरला ४० किलोवॅटच्या वर जातात. ३६०० चौरस मीटरमधे भागतंय. कबड्डीची २८ मैदानं. यानापेक्षा पत्रा मोठा दिसंल, पण इलाज नाही. नाहीतर तुझे बाराजण त्या कुकरात.

मोहरीजिरं | शनिवार, रात्री ११:१२

+१. आणि मी कुकर बघत बसले, अख्खं यान कुकर आहे हे लक्षातच आलं नाही.

कागदी_होडी | रविवार, पहाटे १:४७

कबूल. आलेखवही उघडून बसलो होतो.

३६०० चौरस मीटर. ६० बाय ३० चे दोन पत्रे केले तर बरोबर बसतात. उड्डाणाच्या वेळी घडी घालून ठेवायचे, भट्टी पेटली की उलगडायचे. आधार म्हणून मधे एक लांब खांब, त्याला आडव्या काठ्या, ताणलेल्या दोऱ्या. काढून पाहिलं आणि हसायला आलं. आठवीच्या वहीतली शिडं आहेत ती. जशीच्या तशी, फक्त वाऱ्याऐवजी उष्णतेची, आणि काळोखात मंद लाल दिसणारी.

नवीन चित्र टाकतोय. वर्गाचं नावही बदललं : गुराब. स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर, शिट्टी स्प्रिंगची. बारा जणांची यादी उद्या लिहितो, भंडारी पहिला.

खारा_वारा | रविवार, पहाटे ४:३०

आता कशी गुराब दिसते! पण वहीत तीन शिडं होती म्हणालात. मोठ्या गुराबेला तीन डोलकाठ्या असायच्या. तिसरं लावा की.

बगॅस | रविवार, सकाळी ७:०५

नको नको. दोन हायत ती एका रेषेत ठेव, कड सूर्याकडं करून. तिसरं लावलंस तर ते उरलेल्या दोघांच्या तोंडासमोर येणार, आणि तिघं बसतील एकमेकांना शेकत.

खारा_वारा | रविवार, सकाळी ७:२०

मग निदान टोकाला एक निशाण तरी.

बगॅस | रविवार, सकाळी ७:२२

८०० केल्विनला कापड टिकतंय होय? पत्र्याचं कर.